नाशिकची शिराझ: बाटली निवडण्यापासून मटणाच्या ताटापर्यंत

शिराझ ही रेड वाईन आवडली नाही असं कुणी सांगितलं की मी आधी दोन गोष्टी विचारतो: बाटली किती गरम होती आणि ताटात काय होतं? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. बाटली कपाटातून काढून तशीच ग्लासात ओतलेली आणि समोर झणझणीत तांबडा रस्सा. अशा वेळी फ्रान्समधून महागाची बाटली आणली असती तरी घसा जळलाच असता. नाशिक भागातली शिराझ आपल्याकडे सहज मिळते आणि आपल्या भाजलेल्या मसाल्यांशी तिचं चांगलं जमतं. मात्र ती थोडी गार प्यावी लागते आणि तिखटापासून जपावी लागते. एवढं सांभाळायचं कसं, ते दुकानाच्या काउंटरपासून सुरुवात करून पाहू. पण त्याआधी द्राक्षाची ओळख हवी, नाहीतर पुढचे सल्ले नुसते पाठ करावे लागतील.

द्राक्ष कुठलं

बाटलीवर ‘शिराझ’ लिहिलेलं असो की ‘सिराह’, वेल एकच. इराणमधल्या शिराझ शहरातून हे द्राक्ष युरोपात गेलं, ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण खरी नाही. १९९८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या आणि फ्रान्समधल्या माँपेलिएच्या संशोधकांनी डीएनए तपासून त्याचे आईबाप शोधून काढले: द्युरेझा आणि माँद्युझ ब्लांश. दोन्ही आग्नेय फ्रान्समधली, आज फारशी कुणाला माहीत नसलेली द्राक्षं. म्हणजे शिराझचं माहेर ऱ्होन नदीचं खोरंच. तिथल्या उत्तर भागात एर्मिताज, कोत-रोती, कोर्नास या उतारांवर ती शतकानुशतकं लावली जाते. १८३२ मध्ये द्राक्षशेतीचा जाणकार जेम्स बझबी याने युरोपातून गोळा केलेल्या द्राक्षवेलींच्या काड्या ऑस्ट्रेलियात पोचल्या, त्यात हीही होती. दक्षिण ऑस्ट्रेलियात वेलींची मुळं खाणारी फिलॉक्सेरा कीड कधी पोचलीच नाही, म्हणून बरोसा खोऱ्यात दीडशे वर्षांहून जुन्या शिराझच्या वेली आजही फळ देतात.

या दोन घराण्यांच्या चवीतला फरक समजला की नाशिकची जागा लक्षात येते. ऱ्होनमधली शिराझ शिडशिडीत असते: काळी मिरी, धूर, ऑलिव्ह, बऱ्यापैकी आंबटपणा. बरोसाची अंगानं भरलेली, पिकलेल्या काळ्या फळांची, चॉकलेटकडे झुकणारी आणि बऱ्याचदा साडेचौदा टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोलची. नाशिकची या दोघींच्या मधे कुठेतरी पडते. जांभूळ, काळा आलुबुखार, मिरे, लवंग आणि ओक लाकडाच्या पिंपात राहिली असेल तर थोडा धूर. अल्कोहोल साधारण तेरा ते चौदा टक्के.

मिऱ्याचा वास ही नुसती वर्णनाची हौस नाही. शिराझच्या सालीत रोटंडोन नावाचा घटक असतो आणि काळ्या मिरीचा वासही त्याच्याचमुळे येतो. ऑस्ट्रेलियन वाईन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००८ मध्ये हे प्रसिद्ध केलं. यातली गंमत अशी की साधारण पाचातल्या एका माणसाला रोटंडोनचा वासच येत नाही. तेव्हा टेबलावर एकजण ‘मिरे, मिरे’ म्हणत असेल आणि दुसऱ्याला काहीच कळत नसेल, तर दुसऱ्याला अडाणी समजू नका.

नाशिकच्या मातीत

महाराष्ट्रात आधुनिक वाईनची सुरुवात नाशिकला नव्हे, नारायणगावला झाली. १९८० च्या दशकात शामराव चौगुल्यांच्या इंडेज कंपनीने तिथे फ्रेंच मदतीने स्पार्कलिंग, म्हणजे फसफसणारी वाईन काढली. नाशिकचं पर्व पुढचं. राजीव सामंतांच्या सुला कंपनीची पहिली वाईन २००० साली बाजारात आली, २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं आणि त्यात विंचूर आणि पलूसला वाईन पार्क ठरले. आज गंगापूर धरणाच्या बाजूला, दिंडोरीत आणि इगतपुरीकडे संजेगावच्या आसपास वाइनरी आहेत. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

विसाव्या अक्षांशाजवळ वाईनचं द्राक्ष घेणं हा तसा उलटाच उद्योग आहे. युरोपातली वेल थंडीत झोपते, आपली झोपत नाही. म्हणून बागायतदार वर्षातून दोनदा छाटतो आणि पीक एकदाच घेतो. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी. पावसाळा सरत आला की गोडी छाटणी, आणि त्यानंतरचा घड हाच खरा माल. मण्यात पाणी उतरण्याचा आणि साखर भरण्याचा काळ त्यामुळे नेमका थंडीत येतो. निफाडचा पारा किती उतरला ही बातमी आपण दर हिवाळ्यात वाचतो. त्याच रात्री शिराझच्या घडातला आंबटपणा टिकवून धरतात. दिवसा उन्हाने साखर वाढते, रात्री गारव्याने आम्ल वाचतं. तोड साधारण जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत चालते. फ्रान्समध्ये हेच काम सप्टेंबर-ऑक्टोबरात होतं.

खाण्याच्या द्राक्षांची बाग पाहिलेल्या माणसाला वाईनची बाग दरिद्री वाटेल. थॉमसन ही खाण्याची जात लावणारा जीए हे वाढीचं संप्रेरक वापरून, घड विरळून मणी फुगवतो, कारण बाजाराला मोठा, पातळ सालीचा, बिनबियांचा मणी हवा. शिराझवाल्याला लहान मणी, जाड साल आणि बी चालतं, नव्हे हवंच असतं. रस जवळजवळ बिनरंगाचा. रंग, तुरटपणा आणि बराचसा वास सालीत. मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. म्हणून रेड वाईन बनवताना रस सालींसकट आंबवतात आणि आठवडा-दोन आठवडे ते मिश्रण रोज हलवत ठेवतात. (पर्यटकांना टबमध्ये द्राक्षं तुडवायला देतात ती निव्वळ मजा. खरं काम यंत्र करतं.) त्यानंतर काही वाईन स्टीलच्या टाकीतच राहते, काही २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात जाते. अमेरिकन ओकने खोबऱ्याचा आणि व्हॅनिलाचा वास येतो, फ्रेंच ओकने लवंगेचा आणि धुराचा. हा खोबऱ्याचा मुद्दा लक्षात ठेवा, मटणाच्या वेळी लागेल.

पहिली पायरी: बाटली निवडणं

आपल्या वाईन शॉपमध्ये सगळ्यात दुर्लक्षित वस्तू वाईन असते. व्हिस्की आणि बिअर भराभर खपतात. वाईनच्या बाटल्या मात्र दर्शनी काचेत, ट्यूबलाइटखाली नाहीतर दुपारच्या उन्हात महिनोन्‌महिने उभ्या असतात. म्हणून ब्रँडच्या आधी दुकान बघा. वाईन एसीत किंवा निदान आतल्या सावलीत ठेवणारं, आणि जिथे ती खपते असं दुकान गाठा. काचेत मांडलेली बाटली घेऊ नका, आतली मागा.

मग लेबल वाचा, या क्रमाने:

१. विंटेज, म्हणजे द्राक्ष तोडलं ते वर्ष. साधी, बिनपिंपाची शिराझ असेल तर ते दोन-तीन वर्षांपेक्षा मागचं नको. या बाटल्या मुरवण्यासाठी नसतात, ताज्या फळाच्या चवीसाठी असतात.

२. बाटली भरल्याची तारीख. विंटेज छापलेलं नसेल तर हाच आधार.

३. मिश्रण आहे का. शिराझमध्ये काबर्ने सोव्हिन्यों हे दुसरं द्राक्ष मिसळलेल्या बाटल्या आपल्याकडे भरपूर आहेत. ग्रोव्हर झंपाची ‘ला रिझर्व’ त्यातली सगळ्यात परिचित. काबर्नेने तुरटपणा आणि ताठरपणा वाढतो. पहिल्यांदा पिणार असाल तर निव्वळ शिराझ घ्या.

४. ‘रिझर्व्ह’ हा शब्द. साधारणपणे याचा अर्थ ओकच्या पिंपात राहिलेली, पण कोण किती दिवस ठेवतो हे कंपनीगणिक बदलतं. मागच्या लेबलवर महिने दिले असतील तर तेच प्रमाण माना. सुलाची ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’ हा या प्रकाराचा सहज मिळणारा नमुना आहे. तिच्याशेजारी एखादी साधी शिराझ ठेवून दोन्ही एकाच बैठकीत चाखल्या तर ओकने काय फरक पडतो ते कुणी सांगावं लागत नाही.

स्क्रूचं झाकण दिसलं की हलकी वाईन, हा समज सोडून द्या. आपल्या हवेत आणि आपल्या वाहतुकीत बुचापेक्षा स्क्रू कॅप जास्त भरवशाची. बुचाची बाटली असेल तर बूच तोंडाच्या पातळीपेक्षा वर आलेलं नाही ना, पन्नीखाली चिकट ओघळ नाही ना, हे तपासा. तसं असेल तर बाटलीने कुठेतरी जबर ऊन खाल्लंय. राज्यात खरेदीसाठी परवान्याची आणि वयाची अट आहे, तीही पाळा.

दुसरी पायरी: घरात ठेवणं

घरातल्या सगळ्यात वाईट दोन जागा म्हणजे स्वयंपाकघरातला माळा आणि फ्रिजचा माथा, आणि बाटल्या नेमक्या तिथेच सापडतात. माळ्यावर उन्हाळ्यात प्रचंड तापतं, फ्रिजच्या डोक्यावर उष्णता आणि थरथर दोन्ही. त्यापेक्षा घरातल्या सर्वांत गार खोलीत, बाहेरच्या भिंतीला न लागलेल्या कपाटाच्या तळाशी ठेवा. बुचाची बाटली आडवी, स्क्रूची उभी चालते. मार्च ते जून या काळात सरळ फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात टाका. काही महिने तिथे राहिल्याने तिचं काही बिघडत नाही, चाळिशीतल्या उन्हाने नक्की बिघडतं. चांगली रिझर्व्ह शिराझ गार जागेत पाच-सहा वर्षं सुधारत जाऊ शकते, पण वाईनसाठी वेगळा फ्रिज नसेल तर हा हिशेब करूच नका. आणा आणि प्या.

तिसरी पायरी: गार करणं

‘रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी’ या एका वाक्याने आपल्याकडे जितकं नुकसान केलंय तितकं कुठल्या वाईट वाईनने केलं नसेल. ती खोली युरोपातल्या जुन्या दगडी घरातली, सोळा-अठरा अंशांची. पुण्यातली एप्रिलची खोली बत्तीस अंशांची. बत्तिशीला शिराझमधला अल्कोहोल आधी नाकात जातो, फळ मागे पडतं आणि सगळी चव शिजवल्यासारखी लागते. हवं ते तापमान सोळा ते अठरा. साधी, हलकी शिराझ चौदा-पंधरालाही छान लागते.

इथेही परदेशी लेखांतला ‘वीस मिनिटं फ्रिजमध्ये’ हा सल्ला कामाचा नाही, कारण तो बावीस अंशांच्या बाटलीसाठी आहे. बत्तीस अंशांची बाटली फ्रिजमध्ये सतराला यायला दीड ते दोन तास लागतात. घाई असेल तर खोल पातेल्यात बर्फ आणि पाणी अर्धं-अर्धं घ्या आणि बाटली गळ्यापर्यंत बुडवा. पंधरा मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ नको. पाणी असल्याशिवाय बर्फ बाटलीला सगळीकडून लागत नाही. उलट बाटली फ्रिजमध्येच राहत असेल तर जेवणाआधी तासभर बाहेर काढा. जास्त गार झाली तर तुरटपणा टोचतो आणि वास बंद होतो, पण हा दोष बरा: ग्लासात दहा मिनिटांत ती आपोआप ताळ्यावर येते. तापलेली बाटली मात्र टेबलावर बसून गार होत नाही.

ग्लासात बर्फ घालू नका. फ्रीझरमध्ये ठेवून विसरूही नका.

चौथी पायरी: ओतणं आणि चाखणं

पाय असलेला, पोट मोठं आणि तोंड थोडं निमुळतं असा ग्लास घ्या. तो नसेल तर काचेचा कुठलाही मोठा ग्लास चालेल, स्टीलचा नको. एक तृतीयांशापर्यंतच ओता, म्हणजे फिरवायला जागा राहते. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास निघतात. चार जणांच्या जेवणाला एक बाटली पुरते, आणि गाडी चालवणाऱ्याला ग्लास द्यायचाच नाही.

कोवळ्या शिराझला हवा लागणं गरजेचं असतं. हे द्राक्ष आंबताना आणि टाकीत असताना हवेवाचून गुदमरतं आणि झाकण उघडल्यावर कधीकधी जळलेल्या काडेपेटीचा, क्वचित सडक्या अंड्याचा वास येतो. घाबरू नका. बाटली एखाद्या रुंद तोंडाच्या काचेच्या जगमध्ये उंचावरून ओता आणि अर्धा तास तशीच ठेवा. दहातले नऊ वेळा वास उडून जातो. उन्हाळ्यात या अर्ध्या तासात जग गार पाण्याच्या परातीत ठेवा, नाहीतर तिसऱ्या पायरीची मेहनत वाया जाईल.

आता चाखा. रंग बघण्यात फार वेळ घालवू नका. शिराझ गडद जांभळी असते आणि वय वाढलं की कडेला विटकरी होते, एवढं पुरे. न हलवता एकदा वास घ्या, मग ग्लास फिरवून पुन्हा. जांभूळ सापडतंय का? मिरे? लवंग? सुक्या खोबऱ्याचा वास आला तर अमेरिकन ओकचा संशय घ्या. मग एक मध्यम घोट घेऊन तो लगेच न गिळता तोंडभर फिरवा. जिभेच्या कडांना पाणी सुटलं तर तो आंबटपणा. हिरड्या आणि गालांची आतली बाजू कच्ची सुपारी चघळल्यागत आवळली तर तो तुरटपणा, म्हणजे टॅनिन. गिळल्यावर छातीशी ऊब वाटली तर तो अल्कोहोल. चांगल्या शिराझमध्ये या तिघांवर फळाचा वास तरंगत राहतो आणि गिळून दहा-पंधरा सेकंद झाले तरी मिऱ्याची चव मागे उरते. फळ गिळल्याबरोबर गायब होऊन नुसता तुरटपणा राहिला तर वाईन सामान्य आहे, महाग असली तरी.

पाचवी पायरी: मीठ, गूळ, लिंबू, मिरची

कुठल्या पदार्थाबरोबर काय, याच्या याद्या इंटरनेटवर पुष्कळ आहेत. त्या पाठ करण्यापेक्षा एकदा ही चाचणी करा, पुढे यादी लागणार नाही. एका बशीत चार गोष्टी घ्या: चिमूटभर मीठ, गुळाचा खडा, लिंबाची फोड आणि हिरव्या मिरचीचा छोटा तुकडा. शेजारी साधी पोळी आणि पाणी.

आधी नुसता घोट घ्या, म्हणजे मूळ चव लक्षात राहील. मग जिभेवर दोन-चार कण मीठ ठेवून घोट घ्या. तुरटपणा मऊ झालेला जाणवेल आणि फळ पुढे येईल. पोळीने तोंड साफ करा. आता गूळ चघळून घोट घ्या: तीच वाईन एकदम कोरडी, आंबट, कडवट लागेल. पुन्हा पोळी. लिंबू चोखून घोट घेतला की वाईन पचपचीत, कणाहीन वाटेल, कारण लिंबापुढे तिचा स्वतःचा आंबटपणा उरतच नाही. मिरची शेवटी, कारण तिच्यानंतर बराच वेळ काही कळत नाही. मिरचीवर घोट घेतला की आग दुप्पट होते. तिखटातलं कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या उष्णतेच्या संवेदनेला चेतवतं, तिलाच अल्कोहोलही डिवचतो. शिवाय तेरा टक्के अल्कोहोलच्या पाण्याने कॅप्सायसिन धुऊनही निघत नाही.

आता मिरचीच्याच तोंडात थोडं लोणी घ्या आणि मग घोट घ्या. आग बरीच ओसरलेली असते. स्निग्ध पदार्थ कॅप्सायसिन उचलून नेतात आणि मांसातली प्रथिनं टॅनिनला बांधून ठेवतात. लाल वाईन आणि मटण ही जोडी कुणाच्या फॅशनमधून आलेली नाही, ती याच कारणाने टिकलीय. ऱ्होन खोऱ्यातही शिराझ कोकराच्या मांसाबरोबरच पितात.

सहावी पायरी: ताट मांडणं

या चाचणीतून निघणारा नियम एवढाच: शिराझला मीठ, स्निग्धता, भाजका मसाला आणि मांस आवडतं, मिरची, गूळ आणि लिंबू चालत नाही. महाराष्ट्राच्या स्वयंपाकाची खुबी अशी की इथे ‘मसालेदार’ आणि ‘तिखट’ या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. खोबरं, खसखस, तीळ, दगडफूल, मिरे, लवंग भाजून केलेल्या वाटणात तिखट किती घालायचं हे सर्वस्वी आपल्या हातात असतं. रंगासाठी ब्याडगी किंवा काश्मिरी मिरची वापरा आणि लवंगी, संकेश्वरी त्या दिवशी डब्यातच राहू द्या.

अशा रीतीने केलेलं सुकं मटण हा माझ्या मते नाशिकच्या शिराझचा पहिला जोडीदार. सुकं खोबरं खरपूस, जवळजवळ काळपट होईतो भाजा. त्या भाजक्या वासाशी ओकमधलं खोबरं आणि धूर बरोबर मिळतात, मिऱ्याला मिरे भेटतात आणि चरबी टॅनिनची काळजी घेते. वरून लिंबू पिळायची सवय आवरा. ताटातला कच्चा कांदाही वाईनचा वास मारतो. फारच हवा असेल तर तव्यावर परतून घ्या.

कोल्हापुरी ताटात तर निवड आयतीच मांडलेली असते. सुकं मटण आणि पांढरा रस्सा या दोघांबरोबर शिराझ घ्या. पांढऱ्या रश्श्यातलं नारळाचं दूध आणि तीळ तिला सांभाळून घेतात. तांबडा रस्सा वाईन संपल्यावर ओरपा. नागपुरी सावजीशी मात्र तडजोड होत नाही. तिथे वाईन नेऊच नये, दोघांचाही अपमान होतो. मिसळीचंही तेच.

शाकाहारी मंडळींना रेड वाईनबरोबर पनीरच दिलं पाहिजे असा एक विचित्र समज आहे. पनीर या वाईनपुढे गप्प बसतं. त्यापेक्षा वांगं करा. शेंगदाण्याचं कूट, तीळ आणि काळा मसाला भरलेली वांगी, तेलाची तवंग असलेली, शिराझबरोबर मटणाच्या खालोखाल शोभतात. चिंचगुळाची गोडसर भरली वांगी मात्र नकोत. गुळाच्या खड्याने काय केलं ते आठवा. खानदेशी भरताला निखाऱ्याचा धूर असतो, तो या वाईनला हवाच असतो. फक्त त्यात ठेचायच्या हिरव्या मिरच्या निम्म्या करा. मालवणी काळ्या वाटाण्याची उसळ, भाजक्या वाटणाची, हाही न चुकणारा पदार्थ. बाजरीची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा असेल तर सोलापुरी शेंगाचटणीसुद्धा निभावून जाते.

गोव्याकडे शागुती जमते, कारण तिचा पाया भाजलेलं खोबरं, खसखस आणि मिरे असा आहे. सोरपोतेलमधल्या व्हिनेगरपुढे शिराझ फिकी पडते.

मासे टाळा. बांगडा किंवा सुरमईबरोबर रेड वाईन घेतली की तोंडात गंजक्या लोखंडासारखी, हिंवस चव येते. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी त्याचं कारण दाखवून दिलं: वाईनमधलं लोह माशातल्या तेलाशी मिळून तो वास तयार करतं. सोलकढीशीही हिची गाठ घालू नका. पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदी यांच्याआधी ग्लास रिकामा झालेला बरा. डार्क चॉकलेटबरोबर शिराझ देण्याची हॉटेलांत चाल आहे. मला त्यात दोन तुरट गोष्टींची मारामारीच दिसते.

नुसतं तोंडात टाकायला खारे शेंगदाणे, साखर न घातलेला चिवडा, भाजणीची चकली, मुरलेलं चीज. खिम्याचे पॅटिस असतील तर उत्तमच, पण पुदिन्याची चटणी वेगळ्या वाटीत.

मेलबर्न-सिडनीकडे राहणाऱ्यांसाठी एक पुरवणी: बरोसाची शिराझ घेऊन हीच ताटं मांडणार असाल तर तिखट आणखी कमी करा. जास्त अल्कोहोल म्हणजे जास्त आग. व्हिक्टोरियातल्या थंड भागातली मिरमिरीत शिराझ मिळाली तर आपल्या जेवणाला ती जास्त जवळची.

बिघडलेली बाटली ओळखणं

ओल्या पुठ्ठ्याचा, तळघराचा वास आला आणि फळ अजिबात नसलं तर बूच दूषित आहे; हवा देऊन ते सुधारत नाही. नेलपॉलिश किंवा व्हिनेगरचा झणका असेल तर जिवाणूंनी काम केलंय. फळाऐवजी करपलेल्या जॅमचा वास आणि रंगात तपकिरी छटा असेल, आणि बाटली कोवळ्या विंटेजची असेल, तर ती उन्हात शिजलीय. तिन्ही प्रकारांत बाटली परत न्या. पावती आणि तीन चतुर्थांश भरलेली बाटली दोन्ही हवीत. रिकामी बाटली घेऊन तक्रार करायला गेलं तर दुकानदार हसणारच. तळाशी बसलेला गडद गाळ किंवा बुचाला चिकटलेले चकचकीत खडे हा दोष नाही. ते रंगद्रव्य आणि टार्टरिक आम्लाचे स्फटिक. शेवटचा घोटभर बाटलीत राहू द्या, झालं.

उरली तर

झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, तीन-चार दिवस पिण्याजोगी राहते. अर्ध्याहून कमी उरली असेल तर लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरा, म्हणजे वर हवा राहत नाही. दुसऱ्या दिवशी कोवळी शिराझ कधीकधी जास्तच चांगली लागते. चव उतरली तर तीच अर्धी वाटी पुढच्या सुक्या मटणात जाऊ द्या: मटण तेलावर परतून पाणी आटलं की घालायची, अल्कोहोलचा वास जाईतो मोठ्या आचेवर उकळायची आणि मगच वाटण टाकायचं. तिच्यातलं आम्ल मटणाला पुरतं, त्यामुळे दही निम्मं करा. ॲल्युमिनियमची कढई मात्र घेऊ नका, रस्सा काळा पडतो.